रिकाम्या जागेची बातमी

आमच्या कंपनीनं वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात दिलेली मी माझ्या सबंध नोकरीत पाहिली नाही. चिकलठाण्याच्या वसाहतीत आजूबाजूच्या कंपन्याही क्वचितच देत. तरी माणसं भरली जातच होती. सोमवारी एखादी खुर्ची रिकामी झाली तर गुरुवारी तिच्यावर कुणीतरी बसलेलं असायचं. बाहेर नोकरी शोधत फिरणाऱ्यांना वाटायचं, यात मोठमोठ्या लोकांचे हात असणार. मोठे लोक होतेच. पण निम्म्या जागा आम्ही भरत होतो, आम्ही म्हणजे टेलिफोन ऑपरेटर बायका, आणि हे आमच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

हे लिहावं की नाही यात मी दोन महिने घालवले. आता भिण्याचं कारण उरलेलं नाही. कंपनीच्या जागेवर घरांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मला कामावरून काढू शकेल असं कुणी उरलं नाही. तरी घरातला फोन वाजला की अजून हात पुढं होत नाही. नातू म्हणतो, आजी, मोबाइल आहे, उचल की. त्याला काय सांगू?

आधी आमचं काम सांगते. माझ्यासमोर एक लाकडी बोर्ड असायचा. त्यावर ओळीनं छोट्या झडपा, प्रत्येकीखाली नाव: मॅनेजर, पर्सोनेल, स्टोअर, टाइम ऑफिस. कुणी आपला फोन उचलला की त्याच्या नावाची झडप टपकन पडायची. मग मी दोरीचं टोक त्या भोकात घालायची, खटका पुढं ओढून 'बोला' म्हणायची, हवं तिथं जोडून द्यायची आणि खटका मध्ये आणायची. खटका मध्ये असला की दोघांचं बोलणं मला ऐकू यायचं नाही. खटका मध्ये ठेवायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम आणि खरं तर एकमेव नियम.

त्याला एक अपवाद होता. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, आला की अधूनमधून खटका ओढून बघावं लागायचं, बोलणं चालू आहे की लाइन तुटली. मुंबईची लाइन मिळवायला अर्धा दिवस जायचा आणि ती आपल्या चुकीनं तुटली तर शिव्या आपल्याला. तेव्हा दोन-चार वाक्यं कानावर पडायची. ती विसरून जायची असतात. मी विसरत नव्हते.

माझं माहेर गंगापूर तालुक्यातलं, ऊस-कापसाचं शेतकरी घर. लग्न होऊन शहरात आले, तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. नवरा मास्तर, पण अशा शाळेत की जिचं अनुदान 'पुढच्या वर्षी' यायचं होतं आणि ते पुढचं वर्ष काही येत नव्हतं. मलाही ही नोकरी जाहिरातीनं मिळाली नाही. आधीची ऑपरेटर लग्न होऊन नाशिकला निघाली होती, ती आमच्या घरमालकिणीची पुतणी. तिनं मला एकदा जिन्यात भांडताना ऐकलं आणि मॅनेजरांना सांगितलं, एक बाई आहे, रागातही शब्द खात नाही. मॅनेजरांनी मला शेजारच्या खोलीतून फोनवर चार वाक्यं बोलायला लावली आणि घेऊन टाकलं. तेव्हापासून आमचं घर माझ्या आवाजावर चालायचं.

वसाहतीतल्या सगळ्या ऑपरेटर एकमेकींना आवाजानं ओळखायच्या. चेहरा कुणीच कुणाचा पाहिला नव्हता. नावंही नंतर कळली. कंपनीत जे बनायचं ते आमचं नाव. एक लोखंडवाली होती, तिच्या मागं सतत घण पडल्यासारखे आवाज यायचे. आणि एक औषधवाली. तिच्याशी माझं सगळ्यात जास्त जमायचं. ती दखनीत बोलायची, मी मराठीत, आणि दोघींना कधी काही अडलं नाही. तिचं नाव नसीम आहे हे मला दोन वर्षांनी कळलं.

जागेची बातमी आमच्यात कशी फिरायची, तर अगदी साध्या पद्धतीनं. लोखंडवाली म्हणायची, "ताई, वेल्डर हवाय आमच्याकडं, परवापर्यंत." मी म्हणायची, बघते. आमच्या गल्लीत एक वेल्डर दोन महिने घरी बसून होता, बायकोला स्वयंपाक शिकवायला लागला होता. त्या बायकोनं मला पुढच्या संक्रांतीला दोन वेळा तिळगूळ दिला, एकदा तिचा आणि एकदा वेल्डरचा. कँटीनला स्वयंपाकीण, पॅकिंगला चार बाया, ड्रायव्हर, स्टोअरकीपर, असे कितीतरी लावले. मोबदला कधी कुणाकडून घेतला नाही. पण खरं सांगायचं तर मान आवडायचा. दळणाला गेले तरी बायका पुढं जाऊ द्यायच्या. आपल्याला आधी कळतं, याची एक गुर्मी असते. ती मला चढली होती.

आमच्या गेटवर टाइम ऑफिस होतं आणि तिथं कदममामा टाइमकीपर होते. माझी खोली गेट आणि ऑफिस यांच्या मध्ये होती, काचेच्या खिडकीतून मला ते दिसायचे. वीस पावलांचं अंतर असेल. तेही गंगापूरकडचे, म्हणून मला 'माय' म्हणायचे. कामगार आले की त्यांची कार्डं तपासायची, वेळेवर आलेल्याच्या नावापुढं निळ्या आणि उशीर झालेल्याच्या नावापुढं लाल शाईनं खूण करायची, हे त्यांचं काम. आमचा भोंगा चांगला अर्धा मिनिट वाजायचा. मामांचा हिशेब असा, की भोंगा वाजायच्या आत माणूस आला तर वेळेवर, भोंगा वाजत असताना आला तर वेळेवर, आणि भोंगा थांबल्यावर जालना रोडवरून पळत येताना दिसला तरीही वेळेवर. मुलीला शाळेत सोडून यायला मला आठवड्यातून दोनदा तरी उशीर व्हायचा. लाल खूण माझ्या नावापुढं कधी पडली नाही.

मामांचे गुडघे गेले होते. गेटवर उभं राहणं जमत नव्हतं. स्टोअरमध्ये बदली मिळावी असा त्यांचा अर्ज मीच लिहून दिला होता, माझ्याच खोलीत बसून. हे लक्षात ठेवा, कारण माझी चूक यातूनच झाली.

एका सोमवारी दुपारी मुंबईच्या मोठ्या साहेबांचा ट्रंक आला, आमच्या पर्सोनेलच्या साहेबांसाठी. हे मोठे साहेब फोनवर इतक्या जोरात बोलायचे की मधल्या तारेची गरजच पडू नये. मी जोडून दिला. थोड्या वेळानं लाइन बघायला खटका ओढला. ते म्हणत होते, "टाइमकीपरची जागा पुढच्या आठवड्यात रिकामी होतेय. जाहिरात नको, बोभाटा नको. ओळखीतला कुणी बघून ठेवा." इतकंच ऐकलं. खटका मध्ये आणला.

मला आनंद झाला. मामांना स्टोअर मिळालं, असंच मी धरलं. दुसरं काही मनात आलं नाही. अर्ध्या तासात औषधवालीला फोन लावला आणि सांगितलं, टाइमकीपर हवाय, मॅट्रिक झालेला, अक्षर बरं, पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, "है ना मेरे पास. मोहल्ले में रहता, बिचारा गोदाम में माल उतारता. भेजतूं."

मामांना मी काही बोलले नाही. त्यांना साहेबांनीच गोड बातमी द्यावी, असं वाटलं. खिडकीतून बघून उगाच हसले मात्र. तेही हसले.

बुधवारी सकाळी साडेनऊला टाइम ऑफिसची झडप पडली. मी खटका ओढला. मामांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"माय, पर्सोनेलच्या सायबाला दे जरा."

"काय काम आहे सांगू, मामा?"

"एक मानूस आलाय गेटवर. अर्ज आनलाय. टाइमकीपरच्या रिकाम्या जागंसाठी म्हनून लिव्हलंय." मग म्हणाले, "ती जागा तर माझी हाय. मी बसलोय तिच्यावर. म्हनून म्हनलं, सायबाला इचारावं."

मी दोरी उचलली. भोक समोर असून सापडेना. तेव्हा मला कळलं की स्टोअरचा काही संबंध नाही. स्टोअर मिळणार असतं तर मामांना ठाऊक असतं. त्यांना काढणार होते आणि त्यांना सांगायच्या आधी मी त्यांच्या जागेवर माणूस पाठवला होता. मी फोन जोडून दिला. जोडून द्यावाच लागतो.

पाच मिनिटांत त्या माणसाला आत बोलावलं. साहेब आधी मॅनेजरांकडं गेले म्हणून त्याला माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. तिशीचा असेल. शिंगाडे आडनाव. शर्टाला कडक इस्त्री, पायात मात्र चपला झिजलेल्या. त्यानं दारातून माझ्याकडं बघितलं.

"बाई, माझं काय चुकलं का?" तो हळूच म्हणाला. "त्या गेटवरच्या म्हाताऱ्यानं अर्ज वाचला. मला पानी दिलं, सोता उभा ऱ्हायला अन् मला खुर्चीवर बसवलं. म्हनला, बस, तुझीच हाय."

"नाही, काही चुकलं नाही," मी म्हटलं.

"आमची मेंढरं हायेत, दौलताबादच्या खाली. भाऊ बघतो. मी मॅट्रिक झालो तर समदे म्हनले, तू तरी सावलीत बस. तवापासून सावली हुडकतोय." तो हसला. "तुमाला काय ठावं हाय का या जागंचं?"

मी नकारार्थी मान हलवली. हा माणूस आत जाणार, याला विचारणार कुणी पाठवलं, हा सांगणार आणि एकेक दोरा ओढत ते माझ्यापर्यंत येणार. मी डोळ्यांसमोर दुसरं काही आणूच शकत नव्हते. नवऱ्याची बिनपगारी शाळा, मुलगी, घरमालकीण, सगळं एकदम दिसत होतं.

तो आत गेला. थोड्याच वेळात पर्सोनेलची झडप पडली.

"बाई, औषध कंपनी लावा. तिथं कोण्या चाची आहेत म्हणे, त्यांनी पाठवलंय याला. त्यांच्या पर्सोनेलशी बोलायचंय मला."

आता गंमत बघा. मोहल्ल्यात जिला चाची म्हणत ती नसीमच तिथला फोन उचलणारी होती. मी नंबर फिरवला, तिचा आवाज आला, आणि मी इतकंच म्हणू शकले, "आमचे साहेब बोलतात, तुमच्या पर्सोनेलशी." साहेब लाइनवर होते. दुसरा शब्द बोलता येत नव्हता. पण माझा सूर तिला कळला असावा. ती मराठीत, ऑपरेटरच्या शुद्ध मराठीत म्हणाली, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. नंतर करा."

साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडं चाची कोण आहेत?"

"चाची कुणी नाही साहेब इथं," नसीम म्हणाली. "सगळ्या मॅडमच आहेत."

दुपारी पुन्हा लावायला सांगितला. तिचे साहेब जेवायला गेले होते. चारला लावला, तेव्हा प्लांटमध्ये होते. असं किती वेळा टाळणार? पाच वाजता साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"परवा मुंबईचा ट्रंक आला, तेव्हा लाइनवर कोण होतं?"

"कुणी नाही साहेब. खटका मध्ये होता."

"ही गोष्ट फक्त माझ्या केबिनमध्ये झाली होती."

त्यांनी एक रजिस्टर पुढं ओढलं. "कदमची चौकशी पूर्ण झालीय. हे हजेरीपत्रक म्हणतं की सहा महिन्यांत या कंपनीत एकालाही उशीर झाला नाही." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "तुम्हालाही नाही, बाई."

माझ्या नावापुढं सगळीकडं निळी शाई होती. मामांना ज्या गोष्टीसाठी काढत होते तीत मीही होते, हे मला त्या पानावर कळलं. मी म्हटलं, "मी वेळेवरच येते, साहेब." ऑपरेटरचा आवाज हलत नाही, हेच आमचं कसब. त्या दिवशीही तो हलला नाही. याचं मला त्या वेळी बरं वाटलं आणि नंतर शरम वाटली.

"शुक्रवारी सकाळी मी स्वतःच औषध कंपनीत जाऊन येतो," साहेब म्हणाले. "बघू या चाची."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. त्यानं तपासत असलेली वही मिटली. मग म्हणाला, "तुझ्या त्या मैत्रिणींना सांगून ठेव, एक मास्तर आहे म्हणावं. हमालीसुद्धा करेल." हे तो चेष्टेनं म्हणाला की खरं, मी विचारलं नाही. मला त्याच्याकडं बघवेना.

गुरुवारी मी भोंग्याच्या वीस मिनिटं आधी गेटवर होते. मामांनी माझं कार्ड घेतलं, निळी खूण केली, परत दिलं. "आज लवकर, माय," इतकंच म्हणाले. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमत झाली नाही. दिवसभर मी एकेका झडपेकडं बघत बसले. नसीमचा एक फोन आला. तिलाही धाप लागली होती. म्हणाली, "बाई, मेरेकू नींद नै. वो शिंगाड्या मेरा नाम लिया तो मेरी बी जाती. घर में मैं अकेली कमाती." मी तिला धीर दिला. कसला धीर, माझ्याकडंच नव्हता.

तीन वाजता मामांना आत बोलावलं. काचेतून मला गेटवरची त्यांची रिकामी खुर्ची दिसत होती. अर्धा तास झाला. मग पर्सोनेलची झडप पडली: मुंबईला ट्रंक लावा, अर्जंट. योगायोगानं लाइन लवकर मिळाली. मी जोडून दिला आणि खटका मध्ये आणला. मग परत पुढं ओढला. लाइन बघायला नव्हे. ऐकायला.

"कदमला काढल्याचं पत्र दिलं, साहेब," आमचे साहेब सांगत होते. "आणि तो माणूस कुठून आला तेही कळलं. कदमनंच बोलावला होता त्याला. कबूल केलं. म्हणतो, मला कुणकुण लागली होती, म्हणून माझा माणूस बसवायला बघत होतो... नाही, नाही, औषध कंपनीचं काही नाही. आमच्या ऑपरेटरचा संशय होता, तो मिटला... छे, त्या शिंगाडेला कसं घेणार? कदमचा माणूस तो. दुसरा बघतो."

खटका मध्ये आणला. सुटले, हे पहिलं मनात आलं. ते लपवण्यात अर्थ नाही. मामांची आठवण दुसरी आली आणि शिंगाडेची तिसरी. एकाची जागा गेली, दुसऱ्याची मिळता मिळता गेली आणि माझी तेवढी राहिली.

पाच वाजायला आले तेव्हा टाइम ऑफिसची झडप पडली.

"कुणाला देऊ, मामा?"

"कुनाला नको देऊ. तुलाच बोलायचंय." मी काचेतून बघितलं. ते माझ्याकडं पाठ करून उभे होते, फोन कानाला लावून. "तूच सांगितलंस ना, माय?"

"व्हय, मामा." किती वर्षांनी माझ्या तोंडून माहेरचा शब्द निघाला होता.

"मला वाटलंच. बाकी कुनाला कळनार?"

"मला वाटलं तुम्हाला स्टोअर मिळालं. मामा, तुम्ही का घेतलं अंगावर? माझं नाव सांगायचं होतं."

"तुझं नाव सांगून माझी जागा थोडीच परत येनार व्हती." मग त्यांचा आवाज बदलला. त्यात राग होता आणि तो मी आजवर विसरलेले नाही. "सांगितलंस त्याचं वाईट नाय. पर समद्या वसाहतीला सांगितलंस. त्या औषधवालीला, त्या मेंढरंवाल्याला. अन् मी हितं वीस पावलांवर बसलेलो. मला तेवढं नाय सांगितलंस. लई उघडं पाडलंस, माय. मला माझ्याच गेटवर, परक्या मानसाकडून कळलं."

त्यांनी फोन ठेवला. मी खिडकीतून बघत राहिले. त्यांनी कार्डांची पेटी नीट लावली, लाल आणि निळ्या दौतींची झाकणं बसवली आणि भोंगा वाजायची वाट बघत उभे राहिले. भोंगा वाजल्यावर सगळ्यांबरोबर बाहेर पडले.

शिंगाडेला आम्ही पंधरा दिवसांत दुसरीकडं लावला, पुठ्ठ्याच्या कारखान्यात, सावलीत. त्याला खरं काय घडलं ते कधीच सांगितलं नाही. पुढं कधी रस्त्यात भेटला तर 'बाई, नमस्ते' म्हणायचा आणि मी भरभर चालायला लागायची.

मामांसाठी मी आणि नसीमनं वसाहत पालथी घातली. महिन्याभरानं लोखंडवालीचा फोन आला, त्यांच्याकडं टाइमकीपर हवा होता, बसून करायचं काम. मामांच्या गल्लीत किराणा दुकानात फोन होता. मी दुकानदाराला त्यांना बोलवायला सांगितलं. ते आले. मी घाईघाईनं सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "तिथं आता कोन बसलाय?"

"असेल कुणीतरी."

"त्याला ठावं हाय का?"

हे मी लोखंडवालीला विचारलंच नव्हतं.

"इचार," मामा म्हणाले. "अन् मग सांग."

मी लोखंडवालीला विचारलं. ती म्हणाली, "नाही ताई, त्याला अजून सांगितलेलं नाही. तू कुठं बोलू नकोस." मी ते मामांना कळवलं. त्यांनी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. थोड्याच दिवसांत ते घर रिकामं करून गंगापूरकडं गेल्याचं दुकानदारानं सांगितलं. पुढं त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. माहेरी जाताना दर वेळी मनात यायचं की उतरून विचारावं. एकदाही उतरले नाही. भीती वाटायची, ते भेटतील याची.

तेव्हापासून दोन गोष्टी झाल्या. एक, मी कुणी जागा सांगितली की आधी विचारायची, आत्ता बसलाय त्याला ठाऊक आहे का? सुरुवातीला बाकीच्या हसल्या, काहींनी मला जागा सांगणंच बंद केलं. नसीम मात्र हसली नाही. तीही विचारायला लागली. दुसरी गोष्ट, मी खटका मध्ये ठेवायला लागले. ट्रंक असला तरी. लाइन तुटली तर तुटू दे, शिव्या खाईन, पण ऐकणार नाही. मॅनेजरांच्या शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या. भीती मात्र गेली नाही. आधी ऐकण्याची भीती वाटायची, मग न ऐकण्याची वाटायला लागली. प्रत्येक फोन जोडताना वाटायचं, यात कुणाची तरी खुर्ची हलते आहे.

अशी बरीच वर्षं गेली. नवऱ्याच्या शाळेला अनुदान आलं, पण तो निवृत्तीला टेकल्यावर. एका सकाळी बाहेरच्या लाइनची झडप पडली. नसीम होती. कधी नव्हे ते तिनं फक्त 'हॅलो' म्हटलं.

"काय गं, बोल ना."

"बाई, एक जागा खाली होने की है." ती हळू म्हणाली. "मैं किसकू बी नै बोली. पैले तुमकूच बोलरी."

"कुठं?"

ती म्हणाली, "परसों तुमारे साब का फोन आया था, हमारे साब कू. वो नवी मशीन के बारे में पूछरे थे, जिसमें बटन दबाए तो फोन अपने आप लगता. हमारे यां पिछले महिने आई ना, पैली कू चालू होती. मैं खटका खींच के बैठी थी. माफ करो. तुमारे साब बोले, हमारी बी बाई को पैली तारीख से छुट्टी देते."

मी तिला विचारलं, मग तू अजून कशी आहेस. ती म्हणाली, तिचे शेवटचे चार दिवस राहिलेत.

समोर बोर्ड होता. मॅनेजरांची झडप मिटलेली, पर्सोनेलची मिटलेली. परवाचा तो फोन मला लख्ख आठवत होता. दुपारची वेळ, साहेबांनी औषध कंपनी मागितली, मी नंबर फिरवला, नसीमशी दोन शब्द बोलले, हसले आणि दोरी जोडली. तो फोन मीच जोडून दिला होता, खटका मध्ये ठेवून.